दुय्यम कोणास म्हणावें?

माझा एक भाचा अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरीं नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो तीन आठवडे आमच्याकडे राहून गेला. तिकडच्या फुटबॉलचें त्याला जें वेड लागलें आहे त्याचा प्रसाद ह्या मुक्कामांत घरांतील लहानथोरांस यथास्थित मिळाला. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें डिक लेबो नांवाच्या गृहस्थाची हकीकत सांगावयास घेतली. हकीकत रसाळ होती आणि सांगणाऱ्याचा जीवहि तींत होता. परंतु सारें सांगून झाल्यावर त्यानें शेवटीं निकाल दिला तो असा: "मामा, माणूस थोरच. पण मुख्य म्हणून नापास झाला. दुय्यम तो दुय्यमच राहिला." घरांतील सर्वांनीं माना डोलाविल्या. मी त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. पण तें वाक्य मनांत सलत राहिलें, आणि जों जों मीं त्या गृहस्थाच्या चरित्राची अधिक माहिती मिळविली तों तों तें अधिकच सलूं लागलें.

हा लेख त्या वाक्याचें खंडन करण्यासाठीं लिहिला आहे. भाच्यावर माझा रोष नाहीं. लेबो ह्यांचें नांव निघालें कीं '१२ विजय आणि ३३ पराभव' हा आंकडा तिकडेहि पुढें केला जातो. तिकडचें मत त्यानें इकडे आणलें, इतकेंच. माझें भांडण आहे तें माना डोलाविणारांशीं. कारण त्या माना आपल्या सगळ्या सुशिक्षित वर्गाच्या आहेत.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द आधीं खर्चिले पाहिजेत. अमेरिकन फुटबॉल हा नांवापुरताच पायाचा खेळ. लांबट चेंडू हातांत धरून पळावयाचें किंवा तो पुढच्या गड्याकडे फेकावयाचा. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. चढाईचे गडी वेगळे आणि बचावाचे वेगळे, हें ह्या खेळाचें खास वैशिष्ट्य. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकावयाचा हें त्याला दोनतीन सेकंदांत ठरवावें लागतें. बचावाचे कांहीं गडी त्याच्या अंगावर धांवून जातात, कांहीं मागें राहून त्याच्या झेलकऱ्यांवर नजर ठेवतात. फेकलेला चेंडू बचावाच्या गड्यानेंच मधल्यामध्यें हिरावून घेतला तर चढाईवाल्यांस त्यासारखी नामुष्की दुसरी नाहीं. प्रशिक्षकांचीहि, म्हणजे आपल्या तालमींतल्या भाषेंत वस्तादांचीहि, अशीच विभागणी असते: एक मुख्य, त्याच्या हाताखालीं चढाईचा एक, बचावाचा एक आणि आणखी कित्येक. हंगामाचा जयापजय मुख्याच्या नांवावर लिहितात. हाताखालच्यांच्या नांवावर विजय लिहिला जात नाहीं आणि पराजयहि लिहिला जात नाहीं. आमच्या वादाचें मूळ येथेंच आहे.

लेबो ह्यांचा जन्म १९३७ सालीं ओहायो संस्थानांतील लंडन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ज्या संघास १९५७ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें त्या संघांत, वुडी हेज ह्या कडक गुरूच्या हाताखालीं, ते खेळले. १९५९ मध्यें क्लीव्हलंड ब्राउन्स ह्या धंदेवाईक संघानें त्यांस निवडलें आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच काढूनहि टाकलें. मग डेट्रॉइट लायन्सनें त्यांस ठेवून घेतलें, आणि क्लीव्हलंडच्या परीक्षकांची चूक केवढी होती तें पुढच्या चौदा वर्षांनीं दाखविलें. मैदानाच्या कडेस उभा राहून प्रतिपक्षाचा चपळ झेलकरी संभाळणारा जो गडी त्यास कॉर्नरबॅक म्हणतात. ह्या जागीं खेळून लेबो ह्यांनीं ६२ चेंडू हिरावले. १९७२ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले तेव्हां ह्या हिशेबांत त्यांच्यापुढें दोघेच होते: एम्लेन टनेल आणि डिक 'नाइट ट्रेन' लेन. पैकीं लेन तर सहा हंगाम डेट्रॉइटमध्येंच त्यांचे जोडीदार होते. हाडें मोडणाऱ्या ह्या खेळांत एकहि न चुकवितां लागोपाठ १७१ सामने ते खेळले. कॉर्नरबॅकच्या जागेवर हा त्या काळचा उच्चांक होता.

परंतु चेंडू हिरावणें हें पायांपेक्षां डोळ्यांचें काम अधिक आहे. क्वार्टरबॅकच्या मनांत काय आहे तें त्याच्या आधीं ओळखावें लागतें. चौदा वर्षें दुसऱ्याचें मन वाचीत उभा राहिलेला मनुष्य पुढें शिकवूं लागला तर काय शिकवील, हें निराळें सांगावयास नको.

१९७३ मध्यें ते फिलाडेल्फियाच्या संघांत प्रशिक्षक झाले, १९७६ मध्यें ग्रीन बेला गेले आणि १९८० मध्यें सिन्सिनाटीस आले. तेथें १९८४ पासून सगळा बचाव त्यांच्याकडे होता. त्या काळीं सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श ह्यांनीं आंखूड, झटपट फेकींची एक पद्धति रूढ केली होती आणि बचावाच्या पंडितांची झोंप उडविली होती. क्वार्टरबॅकवर अधिक गडी सोडावेत तर मागें झेलकरी मोकळे सुटतात; न सोडावेत तर तो निवांत उभा राहून पाहिजे त्याला हेरतो. इकडे आड तिकडे विहीर. लेबो ह्यांनीं बिल आर्न्सपार्गर ह्या वडीलधाऱ्या बचाव-शास्त्रज्ञाकडे जाऊन चर्चा केली. दबाव आणावा, पण मागची राखण उघडी न टाकतां आणावा, हा आर्न्सपार्गर ह्यांचा ध्यास होता. त्या बीजापासून लेबो ह्यांनीं जी युक्ति वाढविली तिला 'झोन ब्लिट्झ' म्हणतात. विमानांत हात पुसावयास देतात त्या कागदांवर त्यांनीं तिचे नकाशे काढले अशी आख्यायिका आहे.

युक्ति ऐकावयास साधी आहे. आघाडीवरचा साडेतीन मणांचा धिप्पाड गडी, जो आतां धांवून येणार असें सर्व जगास वाटतें, तो एकाएकीं मागें सरतो आणि नेमका आंखूड फेकीच्या वाटेंत जाऊन उभा राहतो; आणि ज्याच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें असा मागचा एखादा भलत्याच बाजूनें तुटून पडतो. धांवून येणारांची संख्या फारशी वाढत नाहीं. बदलतें तें एवढेंच कीं कोण येणार हें क्वार्टरबॅकला कळत नाहीं. आपल्या हुतूतूंत एका कोपऱ्यांतला गडी हूल देतो आणि पकड दुसराच घालतो, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें अकरा जणांनीं एका क्षणीं आपापलीं कामें बदलावयाचीं असतात, आणि एकाचें पाऊल चुकलें तर सगळाच डाव फसतो. ही युक्ति पुढें इतर संघांनीं उचलली आणि तिच्यावर स्वतःच्या नाना आवृत्त्या काढल्या. एका माणसाच्या विचारानें एका सबंध खेळाचें वळण बदलावें ह्याहून मोठें यश त्या धंद्यांत कोणतें असतें, हें मला कोणीं समजावून द्यावें.

अपयश त्यांस आलेंच नाहीं असें नाहीं. १९८९ च्या जानेवारींत सुपर बोलमध्यें, म्हणजे अजिंक्यपदाच्या सामन्यांत, त्याच वॉल्श ह्यांच्या संघाशीं गांठ पडली. शेवटच्या भागांत अजिंक्यपदाचा चेंडू सिन्सिनाटीच्या एका बचावपटूच्या हातांत येऊन निसटला. तरीहि लेबो ह्यांचा संघ १६-१३ असा पुढें होता. मग जो मॉन्टाना ह्या क्वार्टरबॅकनें ९२ यार्ड अंतर कापीत आपला संघ पुढें नेला आणि ३४ सेकंद उरलीं असतां सामना जिंकला, २०-१६. हाताखालच्या माणसास जोखीम नसते असें म्हणणारांनीं त्या रात्रीं लेबो ह्यांच्या जागीं स्वतःस कल्पून पाहावें. हिशेबाच्या वहींत त्यांच्या नांवावर पराजय लिहिला गेला नाहीं. तेवढ्यानें तो त्यांस लागला नाहीं असें होतें काय?

आतां त्या १२ आणि ३३ कडे वळूं. मध्यंतरीं पिट्सबर्ग स्टीलर्समध्यें पांच हंगाम काढून लेबो १९९७ मध्यें सिन्सिनाटीस परतले होते. इ. स. २००० च्या हंगामांत तीन सामने होतांच तेथील मुख्य ब्रूस कॉस्लेट ह्यांनीं राजीनामा दिला आणि ती माळ लेबो ह्यांच्या गळ्यांत पडली. त्या वर्षीं उरलेल्या १३ सामन्यांत ४ विजय, दुसऱ्या वर्षीं १६ मध्यें ६, तिसऱ्या वर्षीं १६ मध्यें २. इतका वाईट हंगाम त्या संघानें तोंवर पाहिला नव्हता. लेबो ह्यांस काढण्यांत आलें. संघच नादान होता, १९९१ पासून २००४ पर्यंत कोणाच्याहि हाताखालीं त्याचे विजय पराजयांहून अधिक झाले नाहींत, असा बचाव करतां येईल. आणि तो खराहि आहे. पण मला तो नको. मी सरळ मान्य करतों कीं मुख्याचें काम लेबो ह्यांस साधलें नाहीं.

कोणी म्हणेल, त्यांस वेळ मिळाला नाहीं. टॉम लँड्री ह्यांचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. तेहि न्यू यॉर्क जायंट्सचे बचावपटू, पुढें तेथील बचावाचे प्रशिक्षक; १९६० मध्यें डॅलसचे मुख्य झाले आणि पहिल्या वर्षीं त्यांस एकहि सामना जिंकतां आला नाहीं. तरी १९६४ मध्यें मालकानें त्यांस आणखी दहा वर्षांचा करार दिला, आणि १९६६ पासून लागोपाठ वीस हंगाम त्यांचे विजय पराजयांहून अधिक राहिले. लँड्री ह्यांच्या मालकाचें मला कौतुक वाटतें. परंतु हाहि माझा मुद्दा नव्हे. लेबो ह्यांस दहा वर्षें दिलीं असतीं तर ते लँड्री झाले असते असें म्हणणें म्हणजे पुन्हां तीच शिडी मान्य करणें आणि त्यांच्यासाठीं तिची एक पायरी मागणें.

माझा मुद्दा ती शिडीच खोटी आहे, हा आहे. बचाव शिकविणें हें एक काम; सबंध संघ चालविणें, मालकाचें मन राखणें, वर्तमानपत्रांस उत्तरें देणें, कोणास ठेवावें आणि कोणास काढावें हें ठरविणें, हें दुसरें काम. दुसरें काम पहिल्याच्या 'वर' आहे असें आपण म्हणतों, कारण दुसऱ्यास पगार अधिक आणि खुर्ची उंच. पण पहिल्या कामांतील पारंगतता वाढत गेली म्हणजे तिचें रूपांतर दुसऱ्या कामांत होतें, असा सृष्टीचा नियम कोठेंहि नाहीं. बालगंधर्वांच्या कंपनींत अहमदजान थिरकवा तबला वाजवीत. त्यांस 'दुय्यम' म्हणण्याची छाती कोणा रसिकाची झाली असती? आणि त्यांस कंपनीचे व्यवस्थापक करून 'बढती' दिली असती तर तिला काय म्हणावें लागलें असतें?

आम्हां अध्यापकांत हें रोज घडतें. माझे एक स्नेही गणित शिकवीत. अवकलनाचें पहिलें प्रकरण त्यांच्या तोंडून ऐकून कला शाखेचीं मुलेंहि थबकत, असा त्यांचा वर्ग. त्यांस प्राचार्य केलें. सहा वर्षें इमारतीच्या दुरुस्त्या, शुल्काच्या तक्रारी आणि सरकारी पत्रव्यवहार ह्यांत गेलीं. तें काम त्यांस जमलें नाहीं आणि प्रकृतीहि खालावली. पद सुटलें तेव्हां निवृत्तीस अजून चार वर्षें होतीं आणि ते पुन्हां वर्गावर जाऊं शकत होते. मीं त्यांस तसें सुचविलेंहि. "प्राचार्य होतों तो आतां फळ्यापुढें उभा राहूं? लोक काय म्हणतील?" हें त्यांचें उत्तर. त्या चार वर्षांत जीं मुलें आमच्या महाविद्यालयांत आलीं त्यांचें काय गेलें तें त्यांना कधीं कळणारहि नाहीं.

आणि आतां लेबो ह्यांनीं काय केलें तें पाहा. पदच्युत झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, २००३ मध्यें, ते बफेलो संघाच्या मुख्यांचे साहाय्यक म्हणून कामावर गेले. २००४ मध्यें पिट्सबर्गनें बोलाविलें तेव्हां ६६ व्या वर्षीं पुन्हां बचावाचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. म्हणजे जें काम त्यांनीं त्याच गांवीं सात वर्षांपूर्वीं सोडलें होतें तेंच. त्या हंगामांत संघानें १६ पैकीं १५ सामने जिंकले. २००६ च्या फेब्रुवारींत अजिंक्यपद आलें. २००७ मध्यें माइक टॉमलिन हे ३४ वर्षांचे तरुण मुख्य झाले. लेबो त्यांच्याहून ३५ वर्षांनीं वडील! टॉमलिन ह्यांचा जन्म झाला तें साल लेबो ह्यांच्या खेळाडूपणाचें शेवटचें साल. त्या तरुणाच्या हाताखालीं लेबो ह्यांनीं आठ हंगाम काम केलें. आपल्याकडील किती ज्येष्ठांस हें साधेल? मला साधेल काय, असें मीं मला विचारलें, आणि उत्तर चटकन आलें नाहीं.

२००८ च्या हंगामांत त्यांच्या बचावानें प्रतिपक्षांस यार्डहि सर्वांत कमी दिले आणि गुणहि सर्वांत कमी दिले. त्याच हंगामाचा सुपर बोल २००९ च्या फेब्रुवारींत झाला. मध्यंतराला १८ सेकंद उरलीं होतीं. ॲरिझोनाचा संघ पिट्सबर्गच्या अगदीं दाराशीं येऊन ठेपला होता. ठरलेल्या डावाप्रमाणें जेम्स हॅरिसन ह्यांनीं क्वार्टरबॅकवर धांवून जावयाचें होतें. ते धांवल्यासारखे करून मागें सरले, चेंडू त्यांच्याच हातीं आला, आणि शंभर यार्ड पळत जाऊन त्यांनीं गुण केले. सामना पिट्सबर्गनें २७-२३ असा जिंकला. टीकाकार म्हणतील, हॅरिसन ह्यांनीं गुरूचा हुकूम मोडला. ह्यांत गुरूचें श्रेय कोणतें? मी म्हणतों, श्रेय ह्यांतच आहे. धांवणाऱ्यानें थांबावें आणि थांबणाऱ्यानें धांवावें हा विचार ज्यानें शिकविला, त्याच्या शिष्यानें तो योग्य क्षणीं आपल्या बुद्धीनें वापरला. हेच हॅरिसन महाविद्यालयांतून निघाले तेव्हां एकाहि संघानें त्यांस निवडलें नव्हतें, आणि पुढें त्यांस वारंवार काढूनहि टाकण्यांत आलें होतें. १९५९ सालीं क्लीव्हलंडनें काढून टाकलेला एक तरुण त्या वेळीं बाजूस उभा होता.

पुढें २०११ च्या सुपर बोलमध्यें ग्रीन बेनें ३१-२५ असें हरविलें. २०१२ च्या जानेवारींत डेन्व्हरनें जादा वेळांतील पहिल्याच डावांत ८० यार्डांची फेक साधून त्यांचा बचाव भेदला. २०१५ च्या आरंभीं लेबो पिट्सबर्गमधून बाहेर पडले आणि टेनेसीस तीन हंगाम काढून थांबले. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून सलग ५९ हंगाम.

येथें माझ्याच युक्तिवादाविरुद्ध एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, नाहींतर माझी लबाडी होईल. 'आपल्या जागीं सुखानें राहावें' हा उपदेश जगांत कोणीं कोणास केला हें आपणांस चांगलें ठाऊक आहे. महाराष्ट्रांत तर तो शतकानुशतकें केला गेला. अमेरिकन फुटबॉलमध्येंहि कृष्णवर्णीय प्रशिक्षकांस दुय्यम जागांवरच ठेवण्याची रीत होती. टोनी डंजी हे पिट्सबर्गचेच जुने बचावपटू. १९८४ मध्यें, २८ व्या वर्षीं, त्यांच्याकडे तेथील सगळा बचाव आला. मुख्य व्हावयास मात्र त्यांस १९९६ उजाडलें. २००७ च्या फेब्रुवारींत त्यांच्या संघानें सुपर बोल जिंकला, तेव्हां तो मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य ठरले. मुख्याच्या जागेसाठीं अल्पसंख्य समाजांतील निदान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असा नियम त्या संघटनेस २००३ मध्यें करावा लागला, ह्यावरून पूर्वीं काय चालत असे तें समजावें. डंजी ह्यांस मुख्यपण हवें होतें, त्यांस तें साधत होतें, आणि दार बंद होतें. लेबो ह्यांस दार उघडलें, ते आंत जाऊन आले, आणि आपलें घर दुसरीकडे आहे हें ओळखून परतले. पहिल्यास थांबविणें अन्याय होता. दुसऱ्यास परतल्याबद्दल हिणविणें हाहि अन्यायच आहे. माझा लेख दाखवून कोणी एखाद्या लायक माणसास 'तूं दुय्यमच बरा' असें सांगूं लागला, तर त्यानें तो अर्धाच वाचला असें मी समजेन.

आणखी एक कबुली. गेल्या वर्षीं आमच्या संस्थेच्या चालकांनीं मला प्राचार्यपद देऊं केलें होतें. मीं तें नाकारलें. घरीं चार दिवस अबोला होता. त्या रात्रीं ज्या माना डोलल्या त्या लेबो ह्यांच्यासाठीं नव्हत्या हें मला तेव्हांच कळलें होतें. म्हणून हा लेख स्वार्थानें लिहिला आहे असें कोणी म्हटल्यास माझी हरकत नाहीं. स्वार्थी मनुष्याचें म्हणणेंहि खरें असूं शकतें.

ओहायोंतील कॅन्टन गांवीं ह्या खेळांतील थोरांचें स्मृतिमंदिर आहे. २००७ मध्यें पिट्सबर्गचा संघ तेथें सामन्यास गेला तेव्हां त्याचे बचावपटू लेबो ह्यांच्या जुन्या डेट्रॉइट संघाचे, त्यांच्या ४४ क्रमांकाचे सदरे घालून उतरले. लेबो ह्यांचें नांव अद्याप त्या मंदिरांत कां नाहीं, असा तो मूक सवाल होता. २०१० मध्यें तें गेलें. शेवटचा सामना खेळल्याला तेव्हां अडतीस वर्षें होत आलीं होतीं. त्या दिवशीं टॉमलिन आपला सगळा संघ घेऊन तेथें हजर होते. २०२१ मध्यें ट्रॉय पोलमालू ह्या त्यांच्या थोर शिष्याचा त्याच मंदिरांत प्रवेश झाला, आणि आपली ओळख करून देण्यासाठीं त्यानें बोलाविलें तें लेबो ह्यांनाच.

मात्र त्या मंदिराच्या नोंदींत लेबो आहेत ते कॉर्नरबॅक म्हणून. पंचेचाळीस वर्षें ज्यानें शिकविलें त्याला शिक्षक म्हणून तेथें जागा नाहीं. कारण शिक्षकांच्या रकान्यांत शोभावयास मुख्यपणाचे विजय लागतात, आणि त्यांच्यापाशीं ते बाराच आहेत. भाच्याला मीं हें सगळें कळविलें आहे. कॅन्टन त्याच्या घरापासून मोटारीनें दोन तासांवर आहे म्हणतात. पुढच्या खेपेस तेथें जाशील तेव्हां लेबो ह्यांच्या पुतळ्याखालीं काय लिहिलें आहे तें वाचून मला कळीव, असें मीं त्यास लिहिलें आहे.